तळ्यावरच्या माहेरवाशिणी

"ठेव तो दगड खाली!"

बायनाबाईचा आवाज थेट सांडव्यापर्यंत गेला. तरी भुजंगने गोफण फिरवलीच. दगड पाण्यात पडला, काठावरची बदकं फडफडत उठली, दोन घिरट्या घालून पुन्हा तिथंच उतरली.

"गेली का?" ती म्हणाली. "जायची न्हाईत. माहेर हाय त्यांचं."

चारठाण्याच्या अलीकडच्या त्या गावात दिवाळीला लेकी येत, त्याच सुमाराला तळ्यावर पाखरं उतरत. बदकं, करकोचे, कुठल्या मुलखातून येत, देव जाणे. पहिला थवा दिसला की बायका बांधावर दिवा नेऊन त्यांना ओवाळत. तेव्हापासून शिमग्यापर्यंत त्यांच्या अंगावर कुणी खडाही टाकायचा नाही. धुणं आपटणाऱ्या बायकांच्या पायाशी बदकं खुशाल चरत.

आणि हा भुजंग! गेल्या हिवाळ्यात त्याला दुसऱ्या जागिरीत वेठीला नेलं होतं. परत आल्यापासून रोज सकाळी तळ्यावर येऊन हलगी बडवायचा.

"हरभरा खात्यात म्हणून व्हय रं?"

"खाऊ दे की हरभरा. जरा भिऊ दे त्यांना, बाई. माणसाला भ्यावं पाखरानं."

"तुझी लेक माहेरी आली की तिच्यापुढं बडीव हलगी!"

यंदा तर तळ्यावर खुद्द सरकारी साहेब आले होते. आमराईत तंबू ठोकून, गळ्यात दुर्बीण अडकवून दिवस दिवस बांधावर बसत. एकदा त्यांनी बायनाबाईला दुर्बीण डोळ्याला लावायला दिली. करकोच्याचा लालभडक डोळा हातभर अंतरावर दिसला तशी ती मागेच सरकली. मग तिनंही हातचं राखलं नाही. सकाळी थवा कुठं बसतो, ऊन चढल्यावर कुठं सरकतो, सगळं दाखवलं.

"इतकी माणसाळलेली पाखरं मी कुठं पाहिली नाहीत," साहेब म्हणाले.

"आमच्या आज्या-पणज्यांनी राखलीत, साहेब."

"आता सरकार राखेल."

दुसऱ्याच दिवशी दवंडी फिरली. तळ्यावर गोफण, हलगी, गुरं, मासेमारी सगळं बंद. सरकारला पहिल्यांदाच शहाणपण सुचलं, असं बायनाबाईला वाटलं.

आणि त्यानंतरच्या सकाळी पुन्हा हलगी वाजली.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. भुजंगचं मनगट धरून तिनं त्याला तंबूपर्यंत ओढत नेलं. मागं निम्मं गाव.

"बाई, ऐक तरी. वेठीला गेलतो तिथं बी असंच तळं हुतं. तिथं मी..."

"तिथं राबवलं त्याचा सूड ह्या मुक्या जिवांवर काढायलास? लाज न्हाई वाटत?"

"बोलू तर द्या त्याला," दुकानदार मन्मथअप्पा मध्ये पडले.

"तुमी गप बसा, अप्पा! गळ्यात लिंग बांधता अन् पाखरं हाणणाऱ्याची वकिली करता?"

अप्पा मागं सरले. साहेबांनी नुसती मान हलवली. शिपायांनी हलगी फोडली आणि भुजंगला चावडीत कोंडलं. जाताना त्यानं तिच्याकडं एकदा पाहिलं.

तळं शांत झालं. बायनाबाई रोज ओटीतून जोंधळे नेऊन काठावर टाकू लागली. भुजंगच्या बायकोनं तिच्याशी बोलणं टाकलं, तर ही म्हणाली, "न्हाई बोलली तर न्हाई. माझ्या लेकी सुखात हायत."

भोगीच्या सकाळी सरकारी मोटारी आल्या. साहेबांचे पाहुणे होते. ते तंबूत चहा घेत असताना साहेबांनी बायनाबाईला बोलावणं धाडलं. पाखरं दाखवायला तिच्याइतकं जाणतं कोण होतं?

ती नवं लुगडं नेसून आली. तंबूच्या दारातून तिनं बजावलं, "मागून या, हळू या. पायाचा आवाज करू नका." आणि मान ताठ ठेवून, मागं न पाहता बांधावरून पुढं चालू लागली. पाणकणसाच्या कडेला थांबली. पाणी पाखरांनी झाकून गेलं होतं.

तिनं जोंधळे फेकले. तिला ओळखून सगळा थवा काठाकडं येऊ लागला.

"बघा, माझ्या लेकी," ती म्हणाली.

"अजून जवळ येऊ द्या," साहेब मागून पाहुण्यांना हळूच म्हणाले, "मी सांगेन तेव्हाच बार काढा."