गुरुवारचा पेढा

अंध किशोरला रोज रस्ता दाखवत बँकेत आणणाऱ्या बादल कुत्र्याला सगळ्या स्टाफनं डोक्यावर घेतलं होतं. गुरुवारी तर त्याला प्रत्येकाचा पेढा ठरलेला.

"पट्टा घातला की तो कामावर असतो हो. खायला नका देऊ," किशोर हात जोडायचा.

"दत्तगुरूंच्या पायाशी बसणारं मुकं जनावर ते," उज्वलाताई म्हणायच्या. "त्याला विन्मुख कसं पाठवायचं? पाप लागेल."

आज संध्याकाळी मुंबई नाक्यावर, भर रस्त्यात, बादलनं हिसडा मारला आणि पट्टा किशोरच्या हातून सुटला. चहूबाजूंनी हॉर्न कोकलायला लागले. पाऊल कुठं टाकावं कळेना.

"बादल!" तो ओरडला.

पलीकडच्या फुटपाथवरून उज्वलाताईंचा मायेनं ओथंबलेला आवाज आला, "सकाळी राहिलाच की रे तुझा पेढा! ये, ये बाळा."