पुढच्या महिन्यात विक्रीला

"काका, नाशिकच्या जुन्या फ्लॅटांचा पुढच्या महिन्याचा अंदाज आलाय," एजंट इंगळे खाली मान घालून म्हणाला. "भाव आणखी पडतायत. आणि... तुमचा फ्लॅट विक्रीला येतोय."

पेठकरकाकांनी वाद घातला नाही. माणसांची औषधं, झोप, चालणं सगळं वाचून अंदाजाचं यंत्र दर महिन्याला सांगायचं, कुणाच्या जाण्याने कोणतं घर विक्रीला येणार, आणि ते कधी चुकत नसे. समोरच्या गद्र्यांचं घर अंदाजात आलं, तेव्हा गद्रे ठणठणीत होते; महिन्याभरात गेले. काकांचं तर हृदयच अर्धंमुर्धं चालत होतं.

"बरं," ते हळू आवाजात म्हणाले. "सुलभाला व्यवहारातलं काही कळत नाही. मी गेल्यावर लोक पडेल भावात मागतील. तिला फसू देऊ नकोस."

इंगळे हातातला अंदाजाचा कागद उगाच दुमडत राहिला.

"काय रे?"

"काका, विकणारे तुम्हीच आहात. कारण दिलंय, घरात एकट्याला राहवत नाही."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून सुलभाकाकू म्हणाल्या, "अहो, तुमचा चहा बिनसाखरेचाच केलाय हं. कुरकुर करू नका. तुम्हाला अजून पुष्कळ वर्षं जगायचंय."