शिकाऊ हात

"छत्तीसातले सहा वाया," स्टुडिओवाल्या लवजीभाईंनी फोटोंचं पाकीट काउंटरवर सरकवलं. "शिकाऊ हात आहे, चालायचंच."

निकुंजने बायकोने काढलेले फोटो एकेक करून पाहिले. लोणच्याची बरणी. खिडकीतली तुळस, निम्मी कापलेली. पुन्हा बरणी, या खेपेला धूसर. त्याला हसू आवरेना.

"काका, जमेल का हो हिला कधी?"

"जमेल की. फक्त फार जवळ जातात. या जुन्या कॅमेऱ्याला हातभर अंतर लागतं, त्याच्या आत सगळं धूसर. आणि फ्लॅश नको म्हणावं. नुसती चमक येते, दिसायला हवं ते दिसतच नाही. खिडकीजवळ उजेड चांगला असेल ना?" लवजीभाई पावती फाडत होते. "बेनचं माहेर कुठलं म्हणालात?"

"ध्रांगध्रा. मेहुण्याचं घड्याळांचं दुकान आहे तिथल्या बाजारात."

कॅमेरा निकुंजच्या वडिलांचा. बरीच वर्षं माळ्यावर पडून होता. पुढची कळ ओढली की कर्र करत राहायचा आणि थोड्या वेळाने आपोआप फोटो निघायचा. लग्नानंतर त्याने फाल्गुनीचा मोबाइल काढून घेतला, तेव्हा ती आठवडाभर रडली. मग एक दिवस तिने हा कॅमेरा मागितला. निकुंजने तो उलटसुलट करून पाहिला. सिम नाही, इंटरनेट नाही. रोल आणणार तो, धुवायला देणार तो, फोटो आधी बघणारही तोच. असल्या छंदाला नाही कशाला म्हणायचं?

जामनगरात पितळेच्या भागांचा त्याचा छोटा कारखाना होता. सकाळी निघताना तो घराला बाहेरून कुलूप लावी. दिवस वाईट आहेत, असं शेजाऱ्यांना सांगे. घराच्या एकुलत्या एक खिडकीला जाळी होती आणि समोर गोदामाची भिंत. फाल्गुनीने त्या जाळीतून एकदा शेजारणीला हाक मारली होती. पुन्हा कधी मारली नाही. तिच्या भावाचा फोन आला की निकुंज म्हणे, "तिला जरा ताप आहे, आत्ताच डोळा लागलाय." बिचारीचा ताप वर्षभर उतरला नव्हता.

संध्याकाळी तो आला तेव्हा ती थेपले लाटत होती. वैशाखातही मनगटापर्यंत बाह्या.

"हातभर अंतर, आणि खिडकीजवळ," तिने धड्यासारखं म्हणून पाहिलं. "आणखी काय म्हणाले?"

"का? लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्यात का तुला?"

"नीट ऐकून येत जा ना. तुमच्याशिवाय मला कोण सांगणार आहे?"

हे मात्र त्याला आवडलं.

पुढच्या रोलच्या वेळी लवजीभाई म्हणाले, "अंतर जमलं. पण तुकडा तुकडा घेतात. अख्खं घ्या म्हणावं. बघणाऱ्याला ओळख पटली पाहिजे."

"बरणीची ओळख?"

"बरणीची झाली म्हणून काय झालं? आणि शेजारी त्या दिवसाचा पेपर उभा ठेवायचा. बारीक अक्षरं वाचता आली की समजायचं, फोकस बरोबर."

निकुंजला युक्ती पटली. तेव्हापासून तो रोजचा पेपर घरी आणू लागला.

तिसऱ्या रोलमधली बरणी खरंच देखणी आली. शेजारचा पेपर तर भिंगाशिवाय वाचता येत होता.

"वाया मात्र या खेपेला बरेच गेले," लवजीभाई म्हणाले. "तरी हात बसला. आता शिकवण्यासारखं काही उरलं नाही."

"बरंच झालं. तसंही बंदच करायचं होतं. मोंबासाला चाललोय, चुलतभावाकडे. कायमचे."

लवजीभाई पाकिटाला रबर लावत होते. ते तुटलं.

"बेनही?"

"मग काय, इथे एकटी ठेवू? तिकडे बंगल्याला पुरुषभर भिंत, दारावर पहारेकरी. माझी काळजीच मिटेल."

"व्हिसाचे फोटो काढलेत?"

"घरीच काढीन म्हणतो. भिंतीसमोर उभं करायचं, झालं."

"मग परत येतील. पांढरा पडदा लागतो, दोन्ही कान दिसावे लागतात, सगळं मापात. रविवारी सकाळी घेऊन या. गर्दी नसते. पाच मिनिटांचं काम."

निकुंजने बराच विचार केला. दुसरा इलाज दिसेना.

मोंबासा ऐकून फाल्गुनीने कॅमेरा उचलून फळीवर ठेवून दिला. तिथून कुणाला हाक ऐकू जाणार? त्या रात्री तिने लवजीभाई काय म्हणाले तेसुद्धा विचारलं नाही. त्यानेच आपणहून सांगितलं, "रविवारी स्टुडिओत जायचंय, व्हिसाच्या फोटोला. आणि काका म्हणाले, तुला आता शिकवण्यासारखं काही उरलं नाही."

तिने मान वर केली. "अस्संच म्हणाले?"

"अस्संच."

रविवारी स्कूटरवर ती डोळे मिचकावत बसली होती. उन्हाची सवय गेली होती. स्टुडिओत लवजीभाईंनी तिच्याकडे धड पाहिलंही नाही.

"या बेन. आत पडद्यामागे स्टूल आहे. निकुंजभाई, आत एकाचीच जागा, तुम्ही बसा. चहा सांगितलाय."

पडद्यामागच्या खोलीला दुसरं दार नव्हतं. ते निकुंजने पहिल्याच खेपेला पाहून ठेवलं होतं. तो बाकावर बसला, बशीत ओतून चहा प्यायला. पडद्याआड दिवा लागला. कॅमेऱ्याचा आवाज मात्र काही येईना.

"झालं की नाही?" त्याने उठून पडदा सारला. आत कॅमेरा नव्हताच. फाल्गुनी स्टुलावर बसली होती आणि ध्रांगध्र्याचा भाऊ तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. समोर आधीपासूनच येऊन बसलेल्या एक फौजदार बाई टेबलावर ओळीने मांडलेले, तिसऱ्या रोलमधले वाया गेलेले फोटो बघत होत्या. खिडकीजवळचा उजेड, अंतर बरोबर, उघडी पाठ आणि दंड, त्यांवर कमरपट्ट्याचे वळ, मान वळवून बघणारा फाल्गुनीचा चेहरा. आणि प्रत्येक फोटोत शेजारी उभा ठेवलेला, तारीख स्पष्ट वाचता येईल असा त्या त्या दिवसाचा पेपर, निकुंजनेच घरी आणलेला.