एवढी शेवटची

प्रदक्षिणा घालणाऱ्याला मध्येच हाक मारायची नाही, हा या देवळाचा पाच पिढ्यांचा नियम. पुजाऱ्याने तो भाविकांना उठता-बसता ऐकवला आणि आज चहाच्या तलफेपायी स्वतःच मोडला.

त्याची बायको गाभाऱ्यामागे वळली होती. "अगं, आटप की आता!" तो ओरडला.

"आले हो! एवढी शेवटची."

तिच्या बांगड्यांची किणकिण मागून पुढे आली, त्याच्या नाकासमोरून गेली. बायको तेवढी दिसली नाही.

तो धावत मागे गेला. तिथे कोणीच नव्हतं. किणकिण पुढच्या बाजूला चालली होती.

दुपारी त्याने दोन्ही हात पसरून वाट अडवली. किणकिण जवळ आली, त्याच्या आरपार गेली आणि पाठीमागे पुन्हा सुरू झाली.

"अहो," तिला धाप लागली होती, "पाय भरून आले माझे. थांबवा ना मला!"