ळचे शेपूट

"आईने एकदा चहात मीठ घातलं, एवढ्यावरून निष्कर्ष निघत नाही, ताई," अक्षरकार फोनवर म्हणाला. "साखरेचा आणि मिठाचा, दोन्ही डबे सारखेच आहेत."

"ते आज सारखे झाले का?" थोरली बहीण म्हणाली. "उद्याची वेळ मुश्किलीने मिळाली आहे. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, डोळ्यांचं जेवढं गेलं ते गेलं. उशीर केला तर उरलेलंही जाईल. नेणार आहेस ना आईला?"

"पुरावा दिसला तर नेईन."

खिडकीशी बसलेल्या आईने विणकामातून मान वर केली नाही. डोळ्यात सुई टोचतात हे ऐकल्यापासून तिला डॉक्टरांचे नावही खपत नसे.

पुरावा मात्र उलट बाजूचा होता. एका नाट्यगृहाच्या जाहिरातींसाठी तो छापील अक्षरांचा नवा टंक घडवीत होता. उभे दंड भरदार, जोडरेषा केसाएवढ्या आणि प्रत्येक टोकाला चोचीसारखे वळलेले सेरिफ. अक्षरांनी नटासारखे मिरवावे, पण ती शेवटच्या रांगेतूनही ओळखू यावीत, अशी अट होती. प्रत्येक नवा नमुना तो लांबलचक खोलीच्या टोकाला टांगी आणि आईला जागेवरूनच वाचायला सांगे. आजवर तिचे एकही अक्षर चुकले नव्हते.

चाचणीची ओळ कायम एकच: 'ज्ञानी ठकाच्या छत्रीवर घोड्याने फळ ढकलले.' अर्थाच्या नावाने शून्य, पण अवघड वळणे पुष्कळ. तुलना करायची तर एकच गोष्ट बदलावी, बाकीच्या स्थिर ठेवाव्यात, हे तत्त्व त्याने कधी मोडले नाही. वाचन चालू असता फलकाकडे नव्हे, वाचणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहायचे, हा दुसरा नियम. ताण जिभेआधी डोळ्यांत दिसतो.

गेला आठवडाभर ळने त्याचा पिच्छा पुरवला होता. "शेपूट आवर की जरा," असे तो टेबलावर वाकून त्या अक्षराला दटावी.

"पोटची पोरं ऐकत नाहीत, तिथं अक्षरं काय ऐकणार," आई विणता विणता म्हणे.

दारावरची घंटा वाजली. छापखान्याच्या माणसाने शेवटचा नमुना हातात ठेवला. "शाई ताजी आहे, ओरखडा पडेल," म्हणाला आणि निघून गेला.

"आता तूच ऐक, ताई." फोन खांद्याशी दाबून, आईवरची नजर न हलवता त्याने फलक खिळ्याला अडकवला, त्याकडे पाठ केली आणि फोनचा आवाज मोठा केला. "आई, वाच."

आईने सुया मांडीवर ठेवल्या. भिंतीकडे सरळ पाहिले. डोळे जरासुद्धा बारीक केले नाहीत.

"ज्ञानी ठकाच्या... छत्रीवर... घोड्याने फळ ढकलले." ती थोडी थांबली. "ळचं शेपूट आवरलंस एकदाचं. आता कसं शोभतंय. घोडा मात्र आहे तसाच, बिनडोक."

"ऐकलंस?"

"ऐकलं. मीच मेली राईचा पर्वत करते. मग उद्याची वेळ सोडून देऊ? पुढची तीन महिन्यांनी आहे म्हणे."

"दे सोडून. ज्याला खरी गरज आहे त्याला मिळू दे."

फोन बंद झाला. आईने सुया पुन्हा हातात घेतल्या. त्या नेहमीपेक्षा जरा भरभर चालू लागल्या.

ळ छापून कसा उतरला आहे ते पाहायला तो वळला. छापखान्याने ओरखड्याच्या भीतीने चढवलेला तपकिरी कागद फलकावर या कडेपासून त्या कडेपर्यंत जसाच्या तसा होता.