पाळतीची झोप

दुपारची झोप संपवून चारुलता निमकर उठली, तेव्हा रेगेसाहेब उशाशी बसलेच होते. तिच्या कानामागची तार काढायच्या आधीच त्यांनी विचारलं, "काय दिसलं?"

सात वर्षं ती सरकारसाठी समुद्रापलीकडच्या एका देशाच्या नौदलप्रमुखाची स्वप्नं पाहत होती. तिकडे रात्री तो झोपला, की इकडे दुपारी ती झोपायची आणि त्याच्या डोक्यातलं तिच्या डोक्यात उमटायचं. तिची स्वतःची स्वप्नं केव्हाच बंद झाली होती.

"पाणबुड्या उत्तरेच्या बंदरात हलवल्यात," ती जांभई देत म्हणाली. "आणि आज एक लहान मुलगी होती. त्याचीच असावी. जिन्यात बसून तो तिला मोजे घालत होता."

रेगेसाहेब सावरून बसले. "मुलगी आहे हे आपल्याला माहीतच नव्हतं. उद्या तिची शाळा बघून घ्या. मुलीला ताब्यात घेतलं, की तो वाकेल."

चारुलताला पुन्हा आडवं व्हावंसं वाटलं, पण त्या पलंगावर नको.

दुसऱ्या दिवशी तोच जिना दिसला. मुलीच्या दप्तरावर शाळेचं नाव स्पष्ट होतं. मोजा चढवता चढवता त्या माणसाने मान वर केली आणि पहिल्यांदाच थेट चारुलताकडे पाहिलं. तो रागावला नाही.

"तुम्हीही फार दमलेल्या दिसता," तो म्हणाला. "बाकी सगळं सांगा. एवढं सांगू नका."

ती जागी झाली.

"शाळा कळली?" रेगेसाहेबांनी विचारलं.

"आज नुसतीच झोप लागली, साहेब," ती म्हणाली. "फार वर्षांनी."