डावीकडे

फाटकावरचा जवान नयनाची बॅग उलटीसुलटी करत होता. "बाँब नाही रे बाबा, न धुतलेले मोजे आहेत," विंग कमांडर विलास पेंडसे मराठीत पुटपुटले. मागे रांगेत उभी असलेली हरप्रीत खुदकन हसली. टेबल टेनिसची फायनल तिच्याशीच होती.

लेकीची मॅच बघायला विलासना पहिल्यांदाच सुटी मिळाली होती. महिनाभरात जोरहाटला बदली. आज जिंकली तरच नयना चंदीगडच्या संघातून नॅशनलला जाणार होती.

"पापा, चिल्लाना मत," तिने बजावलं.

"मराठीत ओरडेन. इथे कोणाला कळतंय?"

अठ्ठ्याऐंशी साल, पंजाब पेटलेला. त्या दिवशीही बंद होता, सेक्टर सतरा ओस. हॉलमध्ये पंधरा-वीस माणसं. कुणी खोकलं तरी घुमायचं.

पहिला गेम हरप्रीतने सहज घेतला. दुसऱ्यात नयनाने सवयीप्रमाणे चेंडू तीनदा टेबलावर आपटला आणि मागे बघितलं.

"डावीकडे!" विलास ओरडले.

तिने मान डोलावली आणि सर्व्हिस उजवीकडे टाकली. हरप्रीत चेंडूपर्यंत पोचलीच नाही.

"उजवीकडे!"

चेंडू डावीकडे गेला. पुन्हा गुण.

"ऐकते, मान डोलावते आणि उलटं करते! तुझ्यावर गेलीय," विलास बायकोला म्हणाले.

"गुण मिळतायत ना?" चित्रा टेबलावरची नजर न काढता म्हणाली. "ओरडत राहा. आणि ती मांडी बदलू नका."

विलासनी मांडी बदलली नाही. पायाला मुंग्या आल्या. दुसरा गेम नयनाचा झाला.

तिसरा, शेवटचा. वीस-एकोणीस, नयना पुढे. तीन ठोके.

"डावीकडे!"

चेंडू उजव्या कोपऱ्यात पडला. हरप्रीत भलत्याच बाजूला झुकून राहिली. चित्रा बाकावर उभी राहून ओरडली.

नयनाला कप देत होते तेवढ्यात हरप्रीत घाम पुसत विलासपाशी आली.

"काका, मस्त फसवलंत हो! सातवीपर्यंत मी खडकीला होते. तुम्ही डावीकडे म्हणालात की मी आधीच तिकडे सरकायचे."

विलासची छाती फुगली. नयना कप घेऊन धावत आली, तसं त्यांनी तिला कपासकट उचललं.

"लबाड कुठली! तिला मराठी येतं हे तुला कळलं कधी?"

"उसे मराठी आती है?" नयनाने कप काखेत धरला आणि आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं. "पापा... डावा मतलब राइट ही होता है ना?"